फॉर्मातली पत्नी

सणसर
९ फेब्रुवारी २०२६

प्रिय ज्योत्स्नाताईस,
सप्रेम जय भीम वि. वि.

फोनचा भरवसा उरला न्हाय, म्हणून अजितच्या दुधाच्या गाडीतून हे पत्र धाडतोय. तू वकील हायस, आईला मात्र सांगू नको.

लग्नाआधी रक्त तपासावं म्हणून मी आणि मेघना बारामतीच्या एका लॅबमध्ये गेलो होतो. त्या लॅबच्या कंपनीकडची माहिती चोरीला गेली. नाव, पत्ता, रिपोर्ट, सगळं. तसा त्यांचाच मेसेज आलाय. काल कुणीतरी फोन करून तुमच्या मिसेसचा रिपोर्ट आमच्याकडं हाय म्हणाला. हातातला घास तसाच राहिला.

चूक माझी. जोडप्याला सवलत होती, म्हणून नात्याच्या रकान्यात मी ‘पत्नी’ लिहिलं. लिहिताना बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू. तिच्या वडलांना, लासुर्ण्याच्या बाजीराव आबांना, आमचं काहीच ठाऊक न्हाय. बाहेरून कळलं तर तिचं कॉलेज बंद. वाटतं, जाऊन लॅबच्या काचा फोडाव्या.

तुझा,
बुद्धघोष

बारामती
११ फेब्रुवारी

चि. बुद्धघोष यास,
अनेक आशीर्वाद.

काचा फोडल्यास तर कंपनी फिर्यादी आणि तू आरोपी. कॉलेज असंच तिरीमिरीत सोडलंस, आता तरी डोकं थंड ठेव.

मेसेज पुसू नकोस, पावती जप. त्या फोनची तक्रार सायबर पोलिसांत आजच कर. कंपनीला लेखी विचारायचं, काय काय गेलं आणि तुम्ही काय केलंत. उत्तर धड आलं नाही तर सेवेतली त्रुटी म्हणून ग्राहक आयोगात भरपाई मागता येते, दोन वर्षांच्या आत. माहितीच्या संरक्षणाचा नवा कायदा आहे, पण त्याची बरीच कलमं अजून लागू व्हायचीत, आणि त्यातला दंड सरकारजमा होतो.

मात्र मेघना सज्ञान आहे. तिच्या माहितीबद्दल तिनंच लिहावं. नवरा म्हणून तू सही केलीस, तर तेच खोटं शपथेवर जाईल.

जेवत जा.
तुझी ताई

सणसर
१७ फेब्रुवारी

प्रिय ताईस,
स. ज. वि. वि.

पोलिसांत तक्रार दिली. मेघनाला स्टँडवर गाठून तुझं पत्र दाखवलं, आणि तिला म्हणालो, तुझं नाव नको, मी एकटाच लढतो. ती म्हणाली, न विचारता बायको केलीस, आता न विचारता वकीलबी हो.

अर्ज तिनंच लिहिला. माझी माहिती कुठं गेली ते सांगा, आणि मी कुणाची पत्नी नाही, ती नोंद दुरुस्त करा. पण कंपनीचं उत्तर टपालानं घरीच येणार. म्हणून पाकीट चिकटवण्याआधी तिनं तो आबांना वाचून दाखवला. सगळा. आबांनी एवढंच विचारलं म्हणं, हा ‘पत्नी’ शब्द लिहिणारा कोण?

रविवारी बोलावलंय. सोबत घरचं मोठं माणूस आण, असा निरोप हाय. राग हाय का काय, मेघनालाबी उमगत न्हाय.

काचा फोडायला निघालेला मी, ताई, पण त्या उंबऱ्याकडं पाय उचलत न्हाय. आईला मीच सांगतो. तू ये, वकील म्हणून नको, बहीण म्हणून. लोभ हायच, रविवारपुरता जरा जास्त असू दे.

तुझा,
बुद्धघोष