लाल टोपीतली ताई

प्लॉवदिव, २३ ऑक्टोबर १९९३

ती. सौ. ताईस,
ल्युबेनचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. तुझ्या लोणच्याची बरणी मात्र वाटेतच कलंडली. समोरच्या आजीबाईंच्या मांडीवर लसूण-व्हिनेगरचा अभिषेक झाला. त्यांनी मला आधी शिव्या दिल्या आणि मग बरणीतलं उरलेलं फ्लॉवर खाऊन पाककृती विचारली. तुला लिहून कळवतो म्हणालो आहे.

आठ दिवस ब्रेस्तोवो स्टेशनात राहून दहा रीळं संपवली. तू हसतेस, पण तुझ्या त्या चार गाड्यांच्या स्टेशनात जे दिसतं ते इथल्या मोठ्या जंक्शनात दिसत नाही. रोज सकाळी दह्याचं भांडं मांडीत धरून गाडीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या, रुळांच्या सांध्यांना तेल घालताना त्यांच्याशीच बोलणारे तुमचे मिन्योकाका, स्टेशनमास्तर दाजींची खसखशीच्या फुलासारखी लाल टोपी. सगळे फोटो धुऊन झाले. प्रत्येकाच्या मागे तारीख, वेळ मिनिटासकट, गाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर, हे आम्हा गाडीवेड्यांच्या शिरस्त्याप्रमाणे लिहिलं. तू मला चालतं पंचांग म्हणतेस ते म्हण.

गेल्या आठवड्यातल्या गुरुवारची गंमत आठवली की अजून हसू येतं. गावच्या राकिया दारूच्या भट्टीवर दाजींचा नंबर लागला, आलुबुखारं पिंपात आंबून वर आलेली, नंबर हुकला तर पुढचा थेट नोव्हेंबर अखेर. सहापर्यंत गाडी नाही म्हणून ते तासाभरासाठी गेले आणि नेमकी फोनवर मालगाडीची वर्दी आली! फलाटावर लाल टोपी उभी दिसली नाही तर ड्रायव्हर वर कळवणार. दाजी भट्टीवरच्या गर्दीत सापडेनात म्हणून मी परत फिरलो, तर स्टेशनाबाहेरच्या अक्रोडाच्या झाडापाशी पोचतो तोच तू एप्रनवर त्यांचा कोट चढवून, टोपी कानांपर्यंत ओढून, हातात गाडीला दाखवायची हिरवी तबकडी घेऊन उभी! सबंध देशाची रेल्वे आपल्याच जिवावर चालते असा चेहरा. ताई, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटो आहे. तुला पाठवीनच, पण जरा थांब, एक गंमत आहे.

दाजींना नमस्कार. भट्टीतलं पहिल्या धारेचं माझ्यासाठी राखून ठेवावं.

कळावे. लोभ आहेच, त्याला ओहोटी लागू देऊ नये ही विनंती.
तुझा ल्युबेन

ब्रेस्तोवो स्टेशन, १८ जानेवारी १९९४

चि. ल्युबेन यास,
झ्द्रावका ताईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन किती दिवस झाले, उत्तर लिहायला हात धजला नाही. इथे वाईट झालं आहे. दहा तारखेला वरून तपासनीस आले. चौदा ऑक्टोबरला चार बावन्नची मालगाडी कोणी घेतली, असं त्यांनी तुझ्या दाजींना विचारलं. गेन्चो म्हणाले, मीच घेतली. तपासनीस म्हणाले की आमच्याकडे पुरावा आहे, वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने खोटं बोलू नये. मग मला वेगळं बोलावून तासभर प्रश्न विचारले.

निकाल काल आला. लाल टोपी गेली. जिल्ह्याच्या स्टेशनात मालगुदामात हमालांवर देखरेख. स्टेशनातली जागा मार्चअखेर सोडायची. मी खिडकीतली जिरेनियमं बघत बसले होते, गेन्चो म्हणाले, रडू नको, कुंड्या आपल्याच आहेत. आणि स्वतः लाकडं फोडायला गेले. दुपारभर फोडत होते. दोन हिवाळ्यांचं सरपण झालं असेल, आणि इथे तर एकच काढायचा आहे.

त्यांची खात्री आहे की मिन्योकाकांनीच चुगली केली. त्या दिवशी फलाटावर मी होते आणि पलीकडे सांध्यापाशी ते, तू भट्टीकडे गेलेला, तिसरं माणूस नव्हतं असं गेन्चो म्हणतात. वीस वर्षांचा शेजार, आमच्या लेकीच्या, स्वेत्लाच्या लग्नात नाचून पाय मुरगळून घेतलेला माणूस! काल त्यांच्या बायकोनं भोपळा भरून भाजलेली बनित्सा पाठवली ती गेन्चोंनी ताटासकट परत केली.

तुझं कसं चाललंय? तो फोटो पाठवणार होतास. तुला काही लिहायचं असेल तर लिही.

तब्येत सांभाळ, मोजे ओले घालून फिरू नकोस.
तुझी ताई

प्लॉवदिव, २ फेब्रुवारी १९९४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. फार वाईट वाटलं. सामान हलवायला माझ्या ओळखीच्या एकाचा ट्रक आहे, तो घेऊन मी येतो. जागा मिळेपर्यंत तुम्ही दोघं माझ्याकडे राहा, मी स्वयंपाकघरात झोपेन. दाजींना हिवाळी कोट हवा असेल तर माप कळव.

इथे बर्फ खूप आहे. गाड्या उशिरा धावतात. आठवडाभर स्टेशनावर गेलो नाही.

मिन्योकाकांना एवढ्या लवकर दोषी ठरवू नये असं मला वाटतं. पुरावा म्हणजे काहीही असू शकतं. फोटोची काच फुटली होती, नवी करून पाठवतो.

कळावे, लोभ असू द्यावा.
ल्युबेन

ब्रेस्तोवो स्टेशन, २० फेब्रुवारी १९९४

चि. ल्युबेन यास,
अ. उ. आशीर्वाद.

कोटाची गरज नाही. ट्रकचं बघू.

गेल्या सोमवारी संत त्रिफोनचा दिवस झाला. दरवर्षीप्रमाणे सगळा गाव द्राक्षमळ्यात वेली छाटायला गेला. छाटून झाल्यावर वेलीच्या बुडाशी वाइन ओतायची आणि मग एकमेकांच्या पेल्यात. गेन्चोंनी काहीही सांगितलं नव्हतं, पण गावाला सांगावं लागत नाही. मिन्योकाकांच्या पेल्यात कोणी ओतली नाही. ते पेला हातात धरून बराच वेळ उभे राहिले. मग तो रिकामाच खिशात घातला, आपल्या चार वेली छाटल्या आणि एकटे घरी गेले. सत्तरीला टेकलेला माणूस, त्या चढणीवर तीनदा थांबला. मी मोजलं, कारण मी बघत होते आणि मी काही बोलले नाही.

त्यांनी आजवर एका शब्दाने सफाई दिलेली नाही. गेन्चो म्हणतात, गप्प बसतो म्हणजे चोर तोच.

ल्युबेन, लवकर लिही.
तुझी ताई

प्लॉवदिव, २७ फेब्रुवारी १९९४

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मिन्योकाका नाही, मी. मीच ते. तीन पत्रं लिहून फाडली, हे फाडणार नाही.

आमच्या गाडीवेड्यांच्या मंडळाचं फोटोंचं प्रदर्शन डिसेंबरात भरलं. तुला गंमत म्हणून मी तो फोटो तिथे पाठवला. नुसता पाठवला असता तरी चाललं असतं. कोण बाई, कुठलं स्टेशन, कोणाला कळणार होतं? पण खाली चिठ्ठी लावायची असते. मी मोठ्या दिमाखात लिहिलं: ब्रेस्तोवो, १४ ऑक्टोबर, १६ वाजून ५२ मिनिटं, मालगाडीचा नंबर, इंजिनाचा नंबर. इंजिनाचा एक आकडा चुकला तर आमच्यात नाक कापलं जातं, म्हणून दोनदा तपासलासुद्धा! दाजींची नोकरी मी स्वच्छ अक्षरात लिहून भिंतीवर टांगली. पहिलं बक्षीस मिळालं. चौथ्या दिवशी भिंतीवर फोटोच्या जागी नुसता खिळा होता. रेल्वेतलं कोणी साहेब घेऊन गेलं असं कळलं, तर मूर्खासारखा खूश झालो, की त्यांना आवडला असेल.

तुझं पत्र आलं तेव्हाच सगळं समजलं होतं. भित्रा आहे मी. दाजी माझ्याशी बोलणार नाहीत, तू बोलणार नाहीस, मग मला आहे कोण, एवढाच विचार केला. म्हाताऱ्या माणसाला माझ्या वाटणीचा मार खाऊ दिला.

आणखी एक. मी भट्टीवर गेलोच नव्हतो. तू पळ म्हणालीस, मी अक्रोडापर्यंत पळालो, वळून पाहिलं, तू कोट चढवत होतीस. इतकं सुंदर दिसत होतं की मी तिथेच थांबलो. गेलो असतो तर दाजी वेळेवर आले असते. दहा मिनिटं होती.

लोभ असावा असं लिहायला तोंड नाही.
ल्युबेन

ब्रेस्तोवो स्टेशन, ६ मार्च १९९४

चि. ल्युबेन यास,
अ. उ. आशीर्वाद. ते काही झालं तरी असतातच.

फोटोचं मला दहा जानेवारीलाच कळलं होतं. तपासनीसांनी तो माझ्यापुढे ठेवला, खाली तुझं नाव, मागे तुझं अक्षर. हा ल्युबेन कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, ओळखत नाही. बाहेर आले तर गेन्चो म्हणाले, मिन्योनेच सांगितलं ना? आणि मी हो म्हणून मान हलवली. तू दीड महिना गप्प बसलास म्हणून तुला काय बोलू? मी त्या आधीपासून गप्प होते, आणि माझ्या दारासमोरून तो माणूस रोज जात होता. तुझी वाट बघत होते असं स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तू कधीच लिहू नयेस असंही वाटत होतं.

भट्टीचं मात्र मला माहीत नव्हतं. ते वाचून तुझा राग आला, खोटं कशाला बोलू?

काल तुझं पत्र गेन्चोंच्या हातात दिलं आणि माझं मी तोंडाने सांगितलं. त्यांनी दोनदा वाचलं. मग कोट घालून मिन्योकाकांकडे गेले. तासाभराने आले. माझ्याशी अजून बोललेले नाहीत, पण तिथे काय झालं तेवढं सांगितलं.

गेन्चोंनी माफी मागायला तोंड उघडलं तर मिन्योकाका म्हणाले, बस, आधी पाय शेकून घे. मग म्हणाले, पोरगा अक्रोडाखाली थांबला ते मी पाहिलं होतं, हातातला कॅमेराही पाहिला होता. तपासनीसांनी मलाही विचारलं, मी सांगितलं, तेल घालत होतो, काही दिसलं नाही. गेन्चोंनी विचारलं, मग माझ्यापाशी का नाही बोललास? मळ्यात का गप्प राहिलास? तर म्हणाले, तुझा शेजार गेला तर गावात आणखी घरं आहेत. झ्द्रावकाला दुसरा भाऊ कुठून आणून देणार होतो?

अजून त्यांच्या दारी गेलेले नाही. पाय उचलत नाही.

शनिवारच्या गाडीने ये. उतरलास की आमच्याकडे येऊ नकोस, आधी त्यांच्या दारापाशी जा आणि तिथेच थांब. मी येते, दार दोघं मिळून वाजवू.

गाडीत जेवून घे. बाकी भेटीत, आणि माया होती तेवढीच आहे.
तुझी ताई