योगिनीच्या पाठवणीच्या गाडीबाबत

जेलरोड, नाशिक रोड
भाऊबीजेनंतरचा गुरुवार

तीर्थरूप सावळीराम दाजी यांच्या पायांशी धाकटा मेहुणा वाल्मीक वाकून नमस्कार करतो. (पाय म्हणजे उजवाच धरावा. डाव्या गुडघ्याला हात लावलेला तुम्हाला चालत नाही, हे लक्षात आहे.) आमच्या ललिताने दिलेलं तेल रोज चोळता ना? की ते अजून दुकानात युरियाच्या गोणीमागेच उभं आहे? लताअक्काची तब्येत विचारत नाही, कारण ती ठणठणीत असल्याचं मी भाऊबीजेला डोळ्यांनी पाहिलं. मला ओवाळताना तिची नजर ताटातल्या सुपारीवरून हलली नाही, पण हात अगदी भक्कम होता.

पत्र मुद्दाम तुमच्या खताच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतो आहे. समोर बोललो असतो, पण अक्का स्वयंपाकघरात होती आणि तिच्या कानांना (माझी गाडी सोडून) सगळं ऐकू येतं. मुद्द्यावर येतो. (ललिता म्हणते, तुम्ही मुद्द्यावर यायचं म्हणजे कळवणला व्हाया घोटी जायचं. तिचं मनावर घेऊ नका.) त्या दिवशी चहा देताना योगिनी माझ्या कानाशी म्हणाली, "मामा, आईनं पाठवणीला डिझेलची जीप सांगितलीय. तुमची गाडी नको म्हणती." तुम्ही तेव्हा टीव्हीवर कांद्याचे भाव बघण्यात इतके गढला होतात की तुम्हाला हे आधीपासून ठाऊक आहे, याची मला खात्रीच पटली. दाजी, योगिनी माझी सख्खी भाची. बोहल्यावर तिच्या पाठीशी मी उभा राहणार, आणि तिला सिन्नरला सासरी सोडायला मात्र कुणा भाड्याच्या माणसाची जीप, हे कोणत्या शास्त्रात बसतं ते मला दाखवा. मी स्वतःचा स्वतः वाचून शिकलेला माणूस आहे, दाखवलंत तर वाचीन.

अक्काच्या मनात माझ्या विजेच्या गाडीविषयी काही गैरसमज आहेत. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी योगिनीचं लग्न, म्हणजे ते दूर करायला दिवस थोडेच उरलेत. म्हणून गाडीचा पाच वर्षांचा अनुभव जसा आहे तसा मांडतो. काही लपवत नाही. वाचून झाल्यावर योग्य त्या भाषेत तिच्या कानावर घाला.

गाडी घेतली तेव्हा आमच्या गल्लीत लोक म्हणाले, वाल्मीकशेठ, हिच्यात सेल किती लागतात? मी लक्ष दिलं नाही. दहावीत गणिताने मला सोडलं (मी गणिताला सोडलं नाही, हा फरक ध्यानात घ्या), तेव्हापासून मी जळालेल्या मोटारी खोलून तांब्याची तार गुंडाळतो आहे. तालुक्या-तालुक्यांतल्या विहिरींवरच्या मोटारी माझ्या हाताखालून गेल्यात. विजेची गाडी म्हणजे काय, तर चार चाकांवर आडवी घातलेली पाण्याची मोटार. पाणी उपसण्याऐवजी माणसं ओढते, एवढंच. तरी मी गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. त्यात एका आकृतीत दोन तारांची नावं उलटी छापली होती. मी कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की आमच्या गाडीत रस दाखवल्याबद्दल आभार, आमचा प्रतिनिधी लवकरच तुम्हाला गाडी विकायला फोन करील.

एका चार्जिंगमध्ये किती जाते, हा प्रश्न तुम्ही मला पहिल्या दिवशी विचारलात आणि तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला विचारता, म्हणून एकदाच लिहून ठेवतो. कंपनी सांगते तो आकडा मुलाकडच्यांनी सांगितलेल्या पगारासारखा असतो. खोटा नसतो, पण त्यात ओव्हरटाइम, बोनस आणि बापाची पेन्शन धरलेली असते. हातात येतं ते निराळं. त्यात घाट वजा, एसी वजा, मागे बसलेल्या पाहुण्यांचं वजन वजा. हे गणित जमलं की गाडी कधीही दगा देत नाही. ललिताला हे गणित आजवर कळलेलं नाही. चैत्रात गडावर देवीला निघालो होतो, तेव्हा दिंडोरी सोडल्यावर मी एसी बंद केला, कारण बॅटरीत त्रेचाळीस टक्के होते आणि माझ्या हिशेबाने तिथे पंचेचाळीस हवे होते. ललिताने रुमाल ओला करून डोक्यावर ठेवला. पुढे मी काचाही वर घेतल्या (काच उघडी असली की वारा गाडीला मागे ओढतो, हे मी वाचलंय), तेव्हा ती वणीला उतरली आणि एसटीत बसली. मी वणीतच एका ओळखीच्या दुकानदाराकडे वायर लावून टक्के वाढवले आणि नांदुरीला पोचलो, तेव्हा ती उसाचा रस पिऊन, पायऱ्यांनी गड चढून, दर्शन घेऊन खाली उतरत होती. पण मी सांगतो, मी पोचलो तेव्हा बॅटरीत बासष्ट टक्के होते. एसटीवाल्याला विचारा त्याच्याकडे किती होते.

अक्काचा पहिला राग आखाजीचा, तोही सांगून टाकतो. त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला मी तुमच्या ओसरीवर गाडी चार्जिंगला लावली, तर गाडीने तांबडा दिवा दाखवला आणि वीज घ्यायला साफ नकार दिला. तुमच्या घराला अर्थिंगच नव्हतं. जमिनीत तार गाडून विजेला पळवाट करून द्यावी लागते, ती नव्हती. म्हणजे बघा, तीस वर्षं तुम्ही ज्या घरात मिक्सर, फ्रिज, टीव्ही बिनधास्त वापरता, त्या घरात माझी गाडी पाऊल टाकायला तयार नाही. इतकी ती सावध. सणाचा दिवस असूनही मी लगेच पहार घेतली, अंगणात ओल टिकणारी एकच जागा होती तिथे खड्डा खणला, तार पुरली, वर कोळसा आणि मीठ घातलं आणि पाणी सोडलं. असं अर्थिंग तुमच्या अख्ख्या गल्लीत कुणाचं नाही. ओल टिकणारी जागा तुळशीवृंदावनाला लागून होती आणि पंधरा दिवसांत मिठाने तुळस वाळली, हा मुद्दा मी नाकारत नाही. पण घरात कुणाला शॉक बसून काही झालं असतं तर? तुळस दुसरी लावता येते. हे मी अक्काला म्हणालो. म्हणायला नको होतं, असं तुम्हीच नंतर मला दुकानात सांगितलंत.

आता तुमच्या थोरल्या दीपमालाच्या पाठवणीकडे येतो. जे घडलं त्यात गाडीचा दोष नव्हता, हे आधी नमूद करतो. तीन वर्षांपूर्वी तिला देवळालीला पोचवायचा मान मला मिळाला. गाडीला झेंडूच्या माळा, पुढच्या चाकाखाली नारळ, मागच्या सीटवर दीपमाला, जावई अमोल आणि पाठराखीण. सगळ्या बायका अक्काला धरून उभ्या. बँडवाले क्लॅरिनेट ओठांशी धरून उभे. सगळे एका गोष्टीची वाट बघत होते, आणि ती गोष्ट मला तोवर कुठल्याही पुस्तकात सापडली नव्हती. आपल्याकडे पाठवणीचं रडणं गाडीच्या स्टार्टरवर सुरू होतं. इंजिन घुर्रर्र झालं की आई हंबरडा फोडते, मग मावश्या, मग बँड. त्या आवाजानंतर गाडी दोन मिनिटं जागेवर थरथरत उभी असते, तेवढ्यात आई खिडकीतून हात घालून लेकीला शेवटचं जवळ घेते. हे सगळं ठरलेलं. कुणी ठरवलं नाही, पण ठरलेलं.

तुम्ही समोरून हात केलात, "चला." मी बटण दाबलं, पाय ठेवला, नारळ फुटला, गाडी निघाली. अक्का त्या क्षणी शिदोरीचा डबा घ्यायला मागे वळली होती. ती डबा घेऊन पुन्हा वळली तर समोर रिकामं मैदान आणि फुटका नारळ. लग्नाच्या व्हिडिओत मी ते पाहिलंय. पन्नास बायका रडायच्या तयारीने उभ्या आहेत, आणि एक म्हातारी विचारते, "गाडी कुडं गेली वं?" बँडवाल्यांनी तर शेवटपर्यंत काही वाजवलंच नाही, ते तसेच जेवायला गेले.

गाडीत वेगळंच. दीपमाला मान खाली घालून, डोळे मिटून बसली होती. नांदुरी आली तेव्हा तिने खालमानेनेच विचारलं, "मामा, गाडी कधी चालू करणार?" मी म्हणालो, बाळा, आपण नांदुरीला आहोत. तिने वर पाहिलं, समोर गड दिसला, आणि तिने जो हंबरडा फोडला त्यात अक्काचं, मावश्यांचं आणि बँडवाल्यांचं सगळं एकदम येऊन गेलं. जावई तोफखान्यातला, रोज तोफांच्या शेजारी उभा राहणारा गडी, पण तो दाराला चिकटला. मी गाडी परत वळवायला हवी होती का? तेव्हा अठ्ठ्याहत्तर टक्के होते. वळवून पुन्हा देवळाली गाठता आली असती. पण निघालेली नवरी माघारी नेऊ नये म्हणतात, म्हणून नाही नेली.

तेव्हापासून अक्का मला वाल्मीक म्हणत नाही, वाल्या म्हणते. "माझी पोर चोरून नेली या वाल्यानं. लय शिकला ना, पण आईला रडू द्यायचं शिकला नाय." हे तिने भर मांडवपरतणीत सगळ्यांसमोर म्हटलं. दाजी, मला राग आला नाही. तिच्या लेखी दीपमाला सासरी गेलीच नाही, हरवली. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आता थोडं कळतं.

म्हणून या वेळी मी तयारीला लागलो. आधी हॉर्नचा विचार केला. ललिता म्हणाली, हॉर्नवर बायका रडत नाहीत, बाजूला होतात. मग आमच्या पंपावर चाकात हवा भरणाऱ्या संतोषला गाठलं. (पंपाशी माझा संबंध आता फक्त हवेपुरता उरलाय. पूर्वी तिथे पेट्रोलच्या रांगेत चार माणसं भेटायची, दोन शब्द व्हायचे. हवेला रांग नसते.) त्याच्या ओळखीने एका जुन्या जीपचा चालू होतानाचा आवाज मोबाइलवर घेतला आणि गाडीच्या स्पीकरवर लावून पाहिला. आवाज अव्वल. गल्लीतलं कुत्रं उठून बाजूला झालं, जे माझ्या गाडीसाठी ते कधीच करत नाही. पण जीप चौथ्या खेपेला चालू झाली होती, आणि तिसऱ्या खेपेला ड्रायव्हरने तिच्या आईचा जो उद्धार केला तोही स्वच्छ आला. नवरीच्या पाठवणीला ते शोभणार नाही. कापून काढायला गेलो तर इंजिनाचा आवाज गेला आणि उद्धार तेवढा राहिला.

शेवटी मार्ग सापडला, आणि तो तुमच्याच घरात उभा आहे. तुमचा ट्रॅक्टर. पाठवणीच्या वेळी तो माझ्या गाडीला अगदी खेटून लावायचा. तुम्ही खूण केली की आधी ट्रॅक्टर सुरू होईल. अक्काने, मावश्यांनी, बँडवाल्यांनी ट्रॅक्टरवर रडून घ्यावं, पोटभर. सगळ्यांचं झालं की मी हळूच निघेन. योगिनी एसीत, धूर नाही, धक्का नाही, आणि कळवण ते सिन्नर मध्ये कुठेही चार्जिंगला थांबावं लागणार नाही. (लागलंच तर नाशिकला आमच्या घरी सगळ्यांचा चहा होईल.) एवढं अक्काला पटवून द्या आणि जीपवाल्याला नाही म्हणून सांगा, ही नम्र विनंती.

ललिताचा तुम्हा दोघांना नमस्कार. योगिनीला आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावा.

तुमचा,
वाल्मीक

ता. क. काही लपवत नाही असं वर लिहिलंय, म्हणून हेही लिहितो. गाडी सध्या सर्व्हिस सेंटरला आहे. मोटार उत्तम आहे, मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली आहे. पण हिच्यात एक छोटी साधी बॅटरीही असते, अगदी जीपमध्ये असते तशीच, आणि ती बसली की मोठी भरलेली असूनही गाडी डोळे उघडत नाही. ती बसली म्हणून मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, असं नाही. मी ती स्वतः दुरुस्त केली, म्हणून न्यावी लागली. एक भाग बाहेरून यायचाय. लग्नाआधी येईल म्हणतात. कोणत्या लग्नाआधी, ते सांगत नाहीत.

आणखी एक. हे सगळं ललिताला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला पोरगी पोचवायचीय का गाडी मिरवायचीय, ते आधी ठरवा." मी माझ्या दुकानात गेलो आणि एक जळालेली मोटार उगाच उघडून बसलो. मग परत येऊन हे लिहितो आहे.

दाजी, जीपवाल्याला नाही म्हणू नका. जीपच राहू द्या. फक्त चालवायला त्याच्याऐवजी मला बसवा, एवढंच अक्काला विचारा. पाच वर्षांत माझा डावा पाय नुसता बसून खातो आहे, क्लच पार विसरलाय. दोन दिवस आधी येऊन तुमच्या दुकानामागच्या मैदानात सराव करीन. तरी मला माहीत आहे, पाठवणीला क्लच झटक्यात सुटणार आणि निघताना गाडी दोन-तीनदा बंद पडणार. कुणी हसलं तर हसू द्या. ती बंद पडेल तेवढा वेळ अक्काला खिडकीशी मिळेल.