शेवटच्या स्लाइडमधली माणसं

अण्णा,

तुमच्या स्लाइडांचे डबे अखेर मी उघडले. प्रत्येक डब्यात कडुनिंबाचा पाला निघाला. ज्वारीच्या कणगीत घालतात तसा तुम्ही तो फिल्मच्या डब्यांत घातला होता, आणि तोही नीट न वाळवता. जन्मभर शेतकऱ्यांना धान्य कसं साठवायचं ते सांगत फिरलात, आणि घरात हे! कीड एक लागली नाही, पण पाल्याच्या ओलीनं बुरशी मात्र मनसोक्त जेवली. मला हसू आलं आणि रडूही.

सध्या धाराशिवच्या घरात, तुमच्याच टेबलावर, माझं हेच काम चालतं. मऊ ब्रशनं धूळ झाडायची, एकेक स्लाइड स्कॅन करायची, मग कॉम्प्युटरवर डाग काढत आणि लाल पडलेले रंग जागेवर आणत बसायचं. निवृत्तीनंतर कशात इतकी रमेन असं वाटलं नव्हतं. अजूनही स्लाइड उचलताना तुमचा आवाज ऐकू येतो, "चौकटीला धर, फिल्मला बोट लावू नको," आणि बोटं आपोआप मागं सरकतात. लहानपणी तुमच्या मागं गावोगाव यायची ते डोळ्यांपुढं उभं राहतं: शाळेच्या भिंतीवर पांढरं धोतर ताणलेलं आहे, जीपमधून प्रोजेक्टर उतरतोय, तुम्ही खोडमाशी, घाटेअळी असल्या पिकांवरच्या किडींवर बोलताय, आणि लोक जांभया देत का होईना, बसून आहेत. कारण शेवटची स्लाइड त्यांच्याच गावाची असणार, मागच्या खेपेला तुम्ही काढलेली. स्वतःचं तोंड भिंतीवर दिसल्याशिवाय कोणी उठत नसे. लबाडीच ती तुमची, पण गोड.

मागच्या महिन्यात कळंबकडच्या एका गावातून एक म्हातारी आली. तिच्या वडिलांचा घरात एकही फोटो नाही. ते तुमच्या शेवटच्या स्लाइडमध्ये होते, एवढंच तिला आठवत होतं. स्लाइड सापडली, पण चेहऱ्याचा खालचा भाग बुरशीनं खाल्लेला. रिकाम्या हातानं तिला कशी पाठवू? मी कॉम्प्युटरला तो भाग भरायला सांगितला. त्यानं ओठ, मिशा, हनुवटी सगळं बेतून दिलं. मोठ्या हौसेनं तिला दाखवलं. ती स्क्रीनजवळ वाकून बघत राहिली.

"डोळं आबाचं हायेत, ताई. पर हे तोंड कुणाचं?"

"कॉम्प्युटरनं अंदाजानं केलंय, मावशी."

"मग न्हाय पायजे. हाय तेवढंच द्या. अर्धं का व्हईना, आबाच हायेत."

तेवढंच छापून दिलं. ते छातीशी धरून ती एसटीला गेली. त्या दिवसापासून मी नियमच केला: बुरशीनं नेलं ते नेलं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. तुम्हाला हा नियम पटला असता, याची मला खात्री आहे. काम आता मनासारखं चाललंय.

फक्त एक सांगायचं राहिलं. तुम्ही कायम कॅमेऱ्यामागं, त्यामुळं तुमची स्वतःची स्लाइड एकच निघाली, नळदुर्गच्या किल्ल्यात कुणीतरी काढलेली. तिच्यातही तोंडावरच डाग. नियम करून झाल्यावर एका दुपारी मी ती कॉम्प्युटरला दिली. त्यानं तुम्हाला चांगलं दात दाखवून हसवलं. तुम्ही असे हसल्याचं मला काही केल्या आठवत नाही. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही म्हणून लिहिते, अण्णा. तो फोटो मी पुसलेला नाही. रोज काम सुरू करायच्या आधी एकदा उघडून बघते.