खुर्चीचा काळा डबा

मंगळवार, ४

धाकट्या भावाची, गट्टूची, बॅटरीवर चालणारी चाकाची खुर्ची बंद! बटण दाबलं तरी साधा दिवा लागत नाही. आणि सोमवारी त्याला रुजू व्हायचंय — दुसऱ्या गावात, पहिली नोकरी. "खुर्चीवरून एकटा येशील ना?" असं विचारूनच घेतलंय त्याला. नाही पोचला तर पुढच्याला बोलावतील.

आई त्याला म्हणाली, "परवा डबक्यातून दामटलीस ना, पाणी गेलं असणार आत." मलाही पटलं. बटणाकडून सीटखाली जाणाऱ्या केबलचे दोन्ही प्लग बघितले — घट्ट. मोटर चालवणारा डबा सीटखालून सोडवला. उद्या मी कामाला जाते त्या दुरुस्तीच्या दुकानात नेते.

बुधवार, ५

डबा उघडला. सर्किटवर काळी, कडक राळ काठोकाठ ओतलेली. एकही पार्ट दिसत नाही! पाणी जाऊ नये म्हणून ओततात म्हणे. दुरुस्त करणाऱ्यानं काय करायचं, कपाळ? बरं, कंपनीनं हा डबा बनवणंच बंद केलंय. बिघडवला तर दुसरा नाही.

दुकानाचे मालक म्हणाले, "रसायन ओतू नकोस, पार्टही फुगतील. गरम कर, लाकडानं उकर. आणि आधी बाहेरचं सगळं बघितलंस ना?" हो म्हटलं.

गुरुवार, ६

गरम हवा मारली की राळ रबरासारखी मऊ होते, जरा थांबलं की पुन्हा दगड. लाकडी काडीनं खरवडतेय. लोखंड लावलं तर खालचं सर्किटच कापलं जाईल. वासानं डोकं उठलंय. नखाएवढा तुकडा सुटला की जीव भांड्यात पडतो.

घरी आईची वेगळीच कटकट. शिवणाची कात्री कापडात अडकते, धारेला खाच पडलीय. त्या कात्रीला ती कुणाला बोट लावू देत नाही! गट्टू म्हणाला, "तुझ्यासारखीच म्हातारी झाली ती." एरवी दोन टोमणे परत मारले असते. आज आई कात्री उचलून आत गेली.

शुक्रवार, ७

तुकड्याबरोबर एक पार्ट उपटून आला. मेले! आज पुढे काही करत नाही.

शनिवार, ८

पार्ट पुन्हा बसवला. सगळी राळ निघाली. मीटर लावून एकेक तपासलं — एकही खराब नाही. एकही! मग खुर्ची बंद कशानं?

गट्टूची बॅग दाराशी. दर थोड्या वेळानं माझ्याकडे बघतो, विचारत नाही. ते जास्त लागतं. आई म्हणाली, "नाहीच झाली तर राहू दे ग. घरात काय कमी आहे त्याला?" चिडले मी तिच्यावर. भीती वाटतेय मला, आणि हिचं हे!

रविवार, ९

डबा परत बसवताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. प्लग बघितले, पण मधली केबल? ती सीटच्या कव्हरातून जाते. कव्हर आईनंच शिवलेलं. शिवण उसवली.

केबल तुटलेली नाही. कापलीय — सरळ, एका झटक्यात. कात्रीला खाच कशानं पडली ते कळलं.

बाहेरून गट्टू ओरडला, "सापडलं का ग ताई?" आई दारातच उभी होती.

"उंदरानं कुरतडलीय रे!" म्हटलं.

आई आत जाऊन टॉर्च घेऊन आली, आणि मी वायरी जोडेपर्यंत माझ्या हातावर उजेड धरून बसली.