डोहाचा मोतीबिंदू

१० नोव्हेंबर, रविवार

भोर गाठलं! कापूरहोळला एसटी बदलताना वडापाववाल्याने आमच्या पेट्या, बाटल्यांचं खोकं आणि दोरीची गुंडाळी बघून विचारलं, बिऱ्हाड बदलीचं का लग्नाचं? मी म्हटलं, नदीचं. त्याला काही उमगलं नाही, पण माझ्या लेकीला, शिवानीला, एक भजं जास्त मिळालं.

अकरा वर्षं मी नद्यांसाठी घसा फोडला. चौकात, आठवडी बाजारात, कॉलेजांच्या पटांगणात. ‘वरच्याने घाण करायची आणि खालच्याने ती प्यायची, हा कुठला न्याय?’ हे वाक्य इतक्यांदा बोलले आहे की शिवानी ते झोपेत बडबडते. आता इथलं सांडपाणी केंद्र नवं झालं. पाणी चार वेळा गाळून, निर्मळ करून नीरेत सोडतात. त्याने नदीत काय काय बदलतं, ते वर्षभर मोजायचं काम माझ्याकडे आलं आहे. जिने मोर्चे काढले तिच्याच हाती फूटपट्टी. इतिहास कधीकधी विनोदही करतो.

पारूमावशींच्या घरी माडीवरची खोली मिळाली. खिडकीतून नदी दिसते. शिवानीने आल्याआल्या भिंतीला आरसा टांगला, केस ओले केले आणि सुतासारखा सरळ भांग पाडला. दहा वर्षांची आहे, पण भांगाला मला हात लावू देत नाही. डाव्या गालावर तीळ आहे, तो तिच्या मते नकाशातल्या भोरएवढा. आम्ही दोघीच एकमेकींना. पण आज वाटलं, दोघी पुष्कळ झाल्या.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

केंद्राचं पाणी नदीला मिळतं त्याच्या जरा खाली रांजणडोह आहे. काळ्या कातळात कोरलेला, एका बाजूला पायऱ्या. दगड बांधून दोरी सोडली. खोली चार मीटर आणि वर एक वीत.

रोजचं काम सोपं आहे. थाळीएवढी काळी-पांढरी चकती दोरीने पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की दोरी चिमटीत धरायची आणि मोजायची. तेवढी नदीची नजर. हे भर दुपारी करायचं, उन्हाकडे पाठ करून, डोक्यावर काळी छत्री धरून. म्हणजे आभाळ आणि आपला चेहरा पाण्यात पडत नाही, आतलं दिसतं.

नाना केंद्रावर मशीन चालवतात. पन्नाशीचे, जिभेला धार. म्हणाले, मॅडम, आदी लोकं हितं नाक धरून यायची, आता मोबाईल धरून येत्यात.

चकती: ३२ सें.मी.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

जलपर्णी काढली ती परत उगवलेली नाही. डास कमी झाले. घाणीवर पोसलेले मांगूर मासे नाहीसे झाले आणि त्यांच्या मागोमाग बगळे उठले. नाना म्हणाले, जेवणावळ बंद केलीत तुमी, पाव्हणे जाणारच! मी समजावलं. घाणीवर जगणारे आधी जातात, स्वच्छ पाण्याचे जीव मागून येतात. मधे थोडा काळ रिकामा जातो.

तो काळ मात्र फारच रिकामा आहे. बेडूक नाही, चतुर नाही. आज तारेवर एक खंड्या बसला होता. दिवसभर पाण्याकडे बघत होता. एकदाही सूर मारला नाही.

पारूमावशी म्हशीसाठी पाणी नेतात. त्या पायऱ्या उलट्या उतरतात, डोहाकडे पाठ करून बसतात आणि डाव्या हाताने मागच्या मागे कळशी बुडवतात. मी विचारलं. म्हणाल्या, डोहाला त्वांड दावायचं न्हाई.

माझं डोकं फिरलं. आमच्या आजोबांना पाण्याला हात लावायची बंदी होती. ती मोडायला त्यांनी डोकी फोडून घेतली. आणि आज आपणच पाण्याकडे बघायची बंदी पाळायची? मावशींनी कळशी पायरीवर टेकवली. ती बंदी आपल्यावर व्हती गं बाई, म्हणाल्या, ही समद्यांवर हाय. पाटील असू दे न्हाईतर आपण, डोहाला समदे सारखेच. चाळीस वर्सं पानी काळं व्हतं म्हणून कुणाला काही वाटलं न्हाई. पोरं इसरली.

विषय हलका करायला मी त्यांच्या डावखुरेपणावर बोलले. हसल्या. आठव्या वर्षापर्यंत उजवीच व्हते म्हणाल्या. मग एकाएकी डावी झाले. मास्तरांनी लई हानलं, पर हात काय फिरला न्हाई.

चकती: १ मी. ४० सें.मी.

१ डिसेंबर, रविवार

आज डोहावर सभा. मी बोलले आणि मनापासून बोलले. म्हटलं, घाबरवून वाकवलेल्या माना खूप पाहिल्या, आज अभिमानाने वाका! चाळीस वर्षांनी ही नदी तुमचा चेहरा तुम्हाला परत देते आहे, घ्या तो!

आणि लोक वाकले. एकेचाळीस माणसं. नानाही वाकले, एका हाताने मोबाईलवर सगळं टिपत. मी लोकांकडे तोंड करून उभी होते, पाणी माझ्या पाठीला. व्हिडिओत नंतर पाहिलं. पाणी इतकं स्थिर की शाळेच्या वर्गाचा फोटो काढावा तशा चेहऱ्यांच्या रांगा. पहिल्या रांगेत माझी शिवानी.

एकट्या पारूमावशी पाठ करून उभ्या होत्या. मी भाषणात म्हटलं, काही पाठी अजून वळायच्या आहेत. लोक खदखदून हसले. आता ते वाक्य टोचतं आहे.

सगळे उठले तरी शिवानी वाकूनच होती. हाताला धरून उठवावं लागलं.

चकती: तळाला टेकली, तरी लख्ख दिसते.

५ डिसेंबर, गुरुवार

शिवानीचा भांग वाकडा. चिडवलं तर म्हणाली, आरसा रिकामा झालाय. पारा उडाला असेल. नवा आणायला हवा.

चहाच्या टपरीवर नानांच्या हनुवटीवर दोन काप. शेजारच्या तिघांच्या गालांवरही. मी म्हटलं, भोरात ब्लेडं बदलली की काय? कुणी हसलं नाही. धनाजीच्या सलूनपुढे मात्र रांग. जे घरी दाढी करायचे तेही तिथे उभे.

चकती: ६ मी. २० सें.मी.

डोह चार मीटरचा आहे. पुन्हा दगड सोडला, तो चार मीटरवर टेकला. चकती सोडली, ती खाली जातच राहिली. दोरी ताणली गेली असणार. उद्या नवी दोरी.

९ डिसेंबर, सोमवार

नवी दोरी अकरा मीटरची. संपली. चकती दिसत होती.

धनाजीने सलूनच्या आरशावर टॉवेल टाकला आहे. कारण विचारलं. आधी नको नको म्हणाला, मग आवाज पाडून सांगितलं. गिऱ्हाईक खुर्चीत बसतंय ताई, अन् आरशात खुर्ची मोकळी दिसती. समद्यांचं न्हाई तसं, त्या दिवशी डोहावर व्हते त्यांचंच.

मी हसले. घरी आले. शिवानीला कपाटाच्या आरशापुढे उभं केलं आणि मागून तिचे केस विंचरायला घेतले.

आरशात मी दिसले. माझे दोन्ही हात दिसले. कंगवा दिसला. हात हवेतून कंगवा फिरवत होते.

तिने विचारलं, आई, मी कुठे गेले?

१० डिसेंबर, मंगळवार

दुपारी बारा. छत्री. काठावर मी एकटी. पाण्यात एकेचाळीस चेहरे. तशाच रांगा. पहिल्या रांगेत शिवानी, तिळासकट. वर बघत होती.

पारूमावशींना सगळं सांगितलं. त्या गोवऱ्या थापत होत्या. हात थांबवला नाही. म्हणाल्या, आमची आजी सांगायची, पानी नितळ व्हतं तवा दर घरातलं एक मानूस डोहानं न्हेलंय. तो बघतो गं. म्हणून पाठ. मग गावाची घाण आली अन् त्याला मोतीबिंदू झाला. आमी सुटलो. तुमी त्याचा मोतीबिंदू काढलात.

मी सुटले कशी? छत्री. एका मापाच्या नियमाने मी वाचले आणि एका भाषणाने माझी मुलगी —

१३ डिसेंबर, शुक्रवार

बाजारातून रतनबाई येत होती. हातात कोथिंबिरीची जुडी. सभेला माझ्या भाषणावर सर्वात जोरात टाळ्या तिच्या. भर दुपारी, दहा माणसांच्या देखत सरळ पाण्यात गेली. गुडघाभर पाणी. टिकली नीट बसली का ते बघायला वाकावं तशी वाकली. पाणी इतकं स्वच्छ की शोधावं लागलं नाही. काढलं तेव्हा संपली होती.

डोहात आता चाळीस चेहरे.

शिवानीला घेऊन पुण्याला निघाले. कापूरहोळच्या पुढे गाडी गेली आणि तिचे हात बर्फ झाले. ओठ निळे. खोकल्यातून पाणी. उतरले. परतीची एसटी धरली. भोर जवळ आलं तशी तिची छाती शांत झाली.

संध्याकाळी नानांना डोहातल्या चेहऱ्यांचं सांगितलं, त्यांचे पाय धरले. म्हटलं, केंद्र दोन दिवस बंद ठेवा, गावाची घाण तशीच सोडा, डोह काळा करा. अकरा वर्षं जिने — ती मी.

नानांनी मोबाईल काढून माझंच भाषण लावलं. वरच्याने घाण करायची आणि खालच्याने ती प्यायची, हा कुठला न्याय? मग म्हणाले, खालच्या वाड्या आता ह्येच पानी पित्यात मॅडम. ल्हान पोरं हायेत तिथं. आन् पडदा पडला तर आत हायेत ते आतच ऱ्हातील न्हवं?

मी त्यांचे पाय सोडले.

जाताना हनुवटीवरच्या कापांवरून बोटं फिरवत हळूच विचारलं त्यांनी — मॅडम, तिथं म्या कसा दिसतोय?

१६ डिसेंबर, सोमवार

नाना गेले. सकाळची पाळी संपवून, डबा धुऊन, चपला पायरीवर नीट जोडून ठेवून.

तीन दिवसांत नानांसकट तेरा जण पाण्यात गेले. सत्तावीस चेहरे.

शिवानी दिवसभर पाण्याच्या बादलीपाशी बसते. बादल्या पालथ्या घातल्या. ताटं लपवली. आता ती माझ्या डोळ्यांत बघते. फार जवळून.

१७ डिसेंबर

पारूमावशींनी उपाय सांगितला. फार विनवल्यावर. आईने भर दुपारी शेवटच्या पायरीवर डोहाकडे पाठ करून बसायचं. पोरीला घरी ठेवायचं. नाव घेऊन तीन हाका मारायच्या. पोर चालत येते, हात धरते. हात हातात येईपर्यंत वळायचं नाही, मागून कुणीही बोलावलं तरी.

खात्री काय, विचारलं. म्हणाल्या, मला माझ्या आईनं असंच आणलं. आठ वर्साची व्हते.

हे मी आयुष्यभर धुडकावलं असतं. उद्या करणार आहे.

१८ डिसेंबर, दुपार

शेवटच्या पायरीवर आहे. पाठ पाण्याकडे. शिवानी मावशींपाशी, घरी. वही घेऊन बसले आहे, नजर कागदावर राहावी म्हणून. लिहीत राहायचं. बाकी काही नाही.

पहिली हाक मारली.

पाणी हललं नाही. खंड्या तारेवर आहे.

दुसरी.

मागे ओलं पाऊल. पायरीवर. नाही बघायचं. कागद. शाई. अक्षर नीट काढ.

तिसरी.

आली! वरून, पायवाटेने — शिवानी — पळत नाही, चालते आहे — हसते आहे — भांग सरळ! सुतासारखा सरळ! देवा म्हणायची सवय नाही मला, पण —

पारूमावशी वरच्या पायरीवर. आमच्याकडे पाठ करून.

शिवानी चार पायऱ्यांवर. गाल कोरडे. तीळ —

तीळ उजव्या गालावर आहे.

मागून कोणीतरी रडतं आहे. पाण्यातून. आई, मी इथे आहे, आई, ती मी नाही —

मावशी आठ वर्षांपर्यंत उजव्या होत्या. मग एकाएकी —

मावशींच्या आईने कुणाला आणलं होतं?

समोरचीने हात पुढे केला. डावा. दोन पायऱ्या. एक.

छत्री मिटून शेजारी पडली आहे. शिवानी, रडू नको, मी वळ