वरच्या मजल्यावरचा पंखा

३ सप्टेंबर

पोचले एकदाची. साम्पित बंदराहून होडीने येताना ट्रंक पाण्याने चिंब झाली, पण कीबोर्ड, स्क्रू-ड्रायव्हर आणि ही वही कोरडी राहिली. गृहिणीने भांडीकुंडी वाचवावी तशी मी ही सामग्री मांडीवर धरून बसले होते आणि होडीवाला हसत होता.

धक्क्यावर मालक स्वतः आला होता. आहिन त्याचं नाव, सगळे त्याला कोह आहिन म्हणतात, म्हणजे आहिनदादा. पन्नाशीचा, विजार गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, बोलायला मोकळा. पार पलीकडच्या बेटावर, सलातिगात कॉम्प्युटरचं दुकान चालवणारी बाई पाकोळ्यांच्या घराची राखण करायला कशी तयार झाली, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पोरं मोबाइल घेऊन घरी बसली, दुकानात मी आणि डास उरलो. नवरा जाऊन दोन वर्षं झाली हे सांगितलं नाही. पहिल्याच दिवशी कशाला रडगाणं.

घर म्हणजे चार मजल्यांचा सिमेंटचा ठोकळा. खिडकी एकही नाही. सगळ्यात वर पाकोळ्यांना शिरायला एक भोक, त्यालाही चोरांसाठी गज लावलेले. आत काळोख, दमटपणा, छताला फळ्या, आणि फळ्यांना पाकोळ्यांची लाळेची घरटी, जी शहरातले लोक सूप करून पितात. भिंतींवर आतबाहेर कर्णे टांगलेत. त्यातून पाकोळ्यांचा रेकॉर्ड केलेला चिवचिवाट पहाटेपासून अंधार पडेपर्यंत चालू. तो ऐकून रानातल्या पाकोळ्यांना वाटतं, इथे आपली माणसं आहेत.

माझी खोली ठोकळ्याला पुढून चिकटलेली. खोलीत खाट, शेगडी आणि तो चिवचिवाट वाजवणारा कॉम्प्युटर. तो तापून मध्येच बंद पडतो, आवाज थांबतो, पाकोळ्या दुसऱ्याच्या घरी जातात. महिनाअखेर घर पिलांसाठी काही महिने बंद होणार, त्याआधी हे दुखणं बरं केलं तर नोकरी पक्की. मग सेकारला इकडे आणता येईल. माझी लेक पंधराची आहे आणि आजीकडे राहून राहून फोनवर पाहुण्यासारखी बोलायला लागली आहे.

५ सप्टेंबर

मशीन उघडलं. आत पिसांचा आणि धुळीचा असा गोळा, की त्यात एखाद्या पाकोळीने संसार थाटला असता. ब्रशने, फुंकणीने साफ केलं. प्रोसेसरवरची वाळून पोपडे धरलेली पेस्ट काढून नवी लावली. आता तापत नसावं.

नसावं म्हणते, कारण कळायला मार्ग नाही. तपमान आणि पंख्यांचा वेग दाखवणारा प्रोग्राम टाकला, तर तो म्हणतो एकही सेन्सर सापडला नाही. पंखा डोळ्यांसमोर गरगर फिरतोय आणि हा म्हणतो पंखाच नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तशातली गत. प्रोग्राम काढून परत टाकला, दुसरा आणला, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून पाहिला. तेच.

दुपारी धक्क्याजवळच्या आचिल रुस्मीच्या टपरीवर पिवळा भात खाल्ला. इकडे मावशीला आचिल म्हणतात, धाकट्या बहिणीला डिंग, आणि ही खरोखर गावाची मावशी आहे. तिने मला आधी ताटभर वाढलं आणि मग विचारलं की मी कोण. म्हणाली, अगं डिंग, त्या ठोकळ्यात एकटी राहतेस होय, तोंडाला कुलूप लागेल तुझ्या, रोज येत जा, भाताचे पैसे घेईन, बोलायचे नाही घेणार.

८ सप्टेंबर

आज कोह आहिनने घराचे नियम शिकवले. दार मागच्या बाजूला, लोखंडी, कुलूप फक्त बाहेरून. आत गेलं की दार मागे ओढून घ्यायचं, उजेडाची फट राहता कामा नये. सगळ्यात वरच्या मजल्यावर कोणी जायचं नाही, तिथे नवी घरटी धरतात. आणि आत माणसाचा आवाज काढायचा नाही. पाकोळी माणसाच्या आवाजाला भिते आणि एकदा भ्याली की पिलं टाकून जाते, असं इथे सगळे मानतात. म्हणून कोणी कोणाला हाक मारत नाही. कुलूप लावण्याआधी मालक दारावर तीनदा ठोकतो. आत कोणी असेल त्याने आतून तीनदा ठोकायचं. उत्तर नाही, म्हणजे घर रिकामं.

मी विचारलं, आधी कोण होतं. म्हणाला, तोहार म्हणून एक होता, हुशार पण तऱ्हेवाईक, ईदेला गावी जातो म्हणून गेला तो परत आलाच नाही, साधा निरोपही नाही. आजकालची माणसं.

मला आमच्याकडची सवय, परक्या काळोखात शिरताना परवानगी मागायची. आज दारातून शिरताना तोंडातून निघूनच गेलं, हळूच, येऊ का? कोह आहिनने डोळे वटारले.

११ सप्टेंबर

सापडलं! सहा दिवस मी प्रोग्रामच्या डोक्यावर खापर फोडत होते, आणि दोष होता मुळात. मशीन सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे त्याच्या मूळ सेटिंगमध्ये शिरले. तिथे तपमान, पंखे, सगळ्यांसमोर कोणीतरी ‘दुर्लक्ष करा’ असं ठेवलेलं. आपोआप असं होत नाही. एकेक ओळ हाताने बंद करावी लागते.

कोह आहिनला विचारलं तर सरळ म्हणाला, मीच केलं. गेल्या हंगामात घर बंद असताना एक ओळ वेडेवाकडे आकडे दाखवत होती, सारखी लाल होऊन पिंपिं करत होती, शेवटी साम्पितच्या पोराला फोन करून विचारलं आणि सगळंच बंद केलं, कटकट गेली. मी म्हटलं, कोह, ताप आला म्हणून तुम्ही थर्मामीटरच फेकलात. तो मनापासून हसला.

सगळ्या ओळी चालू केल्या. प्रोसेसर पंचेचाळीस, पंखा हजाराच्या वर. छान. आणि एक ओळ जास्तीची. तपमान सदतीस. पंखा, मिनिटाला सोळा फेरे.

इतक्या सावकाश पंखा फिरत नसतो. जोडलेलं काही नसेल तर आकडा भलताच येतो, उणे किंवा शंभराच्या पुढे. हा मात्र शांत. सदतीस आणि सोळा, कधी पंधरा, कधी सतरा.

१३ सप्टेंबर

बोर्डाच्या कोपऱ्यात दोन बारीक वायरी सापडल्या. भिंतीतल्या भोकातून आत जातात, आणि वर. तोहारने घातल्या असणार. वरच्या मजल्याचा उबारा आणि वारा खाली बसून कळावा म्हणून एक सेन्सर आणि एक छोटा पंखा. खरंच हुशार माणूस. पण पाकोळीघराचा उबारा अठ्ठावीस असतो, सदतीस नाही.

सेकारला फोन केला. अभ्यास आहे म्हणाली. मी म्हटलं बरं. फोन ठेवल्यावर पडद्याकडे बघत बसले. सोळा. पंधरा. सोळा. आकडा पापणीसारखा लवतो. नवऱ्याच्या शेवटच्या आजारपणात मी अशीच त्याच्या छातीकडे बघत बसायचे.

तेव्हा लक्षात आलं मी काय बघतेय ते. अंगाची ऊब आणि श्वास. मग स्वतःलाच चार शब्द सुनावले. वायर जुनी, दमट हवा, खोटा आकडा. मनी वसे ते स्वप्नी दिसे.

१६ सप्टेंबर

लिहायची लाज वाटते, पण वही कोण वाचणार आहे. मी त्या ओळीशी बोलायला लागले आहे. सकाळी कॉफी घेताना विचारते, झोप झाली का? आज काय करायचं? वेड लागलंय म्हणा. पण या खोलीत माझ्याखेरीज दुसरं कोणीतरी श्वास घेतंय असं वाटतं, आणि ते वाटणं मला नको नाहीये.

प्रोग्राम दिवसभराचा आलेख काढतो. आज पाहिलं. पंखा दिवसभर सोळावर, फक्त सकाळी एकदा तीसवर गेलेला. त्या वेळी मी मागच्या दारात उभी होते.

येऊ का, असं म्हणाले होते.

१९ सप्टेंबर

आज मुद्दाम दोनदा दारात गेले. एकदा गप्प. एकदा बोलून. गप्प असताना आकडा हलला नाही. बोलल्यावर चौतीस.

आचिल रुस्मीला आडून विचारलं, तोहार कसा होता. म्हणाली, बिचारा एकटाच, तुझ्यासारखा, रोज यायचा. ईदेसाठी आईला नेसायला सारोंग घेतली होती त्याने, माझ्याकडे ठेवायला दिली, जाताना नेतो म्हणाला. ती अजून इथंच आहे बघ. आईची सारोंग विसरतो का गं कोणी, डिंग?

मी भात अर्धा टाकून आले.

२२ सप्टेंबर

मशीन उत्तम चालतंय. कोह आहिन खूश. परवा घर बंद करणार आणि नोकरी पक्की. त्याच दुपारच्या होडीने मी साम्पित, तिथून जहाजाने सेकारला आणायला. तिला दिवस सांगितलेला नाही, एकदम दारात उभी राहीन. कोहला सांगून ठेवलंय की आठवडा लागेल. बॅग आचिलच्या टपरीवर आधीच नेऊन ठेवली.

तपमान आज छत्तीसच्या खाली. पंखा बारा.

२३ सप्टेंबर

चौतीस. नऊ.

वायर हलवून पाहिली, पिन काढून परत लावली. काही फरक नाही. दुसऱ्या ओळी ठीक आहेत. बिघाड नाही हा. मला माहीत आहे आकडे कसे उतरतात. मी एकदा शेवटपर्यंत बघितले आहेत.

त्याला थंडी वाजते आहे.

कोहला फोन केला, वर कोणीतरी जाऊन बघायला हवं. म्हणाला, ताई, पिलांचे दिवस आहेत, पाकोळ्या उठवू नकोस, आकडे परत वेडे झाले तर बंद करून टाक ती ओळ, कसं करायचं ते मला येतं आता. हसला.

२४ सप्टेंबर, सकाळ

एकतीस. पाच.

अठ्ठावीस झालं की घराच्या गारव्याइतकं होईल आणि मग काही उरणार नाही. कोह दुपारी येणार आहे. तेवढ्यात वर जाऊन येते. वही बरोबर घेते, वायर कुठून कशी जाते ते टिपायला. नुसतं बघून येईन.

२४ सप्टेंबर, आत

वरचा मजला. मोबाइलच्या उजेडात लिहितेय. रेंज नाही.

वायर कोपऱ्यात जाते. पाकोळ्यांच्या विष्ठेचा ढीग, त्यात एक शर्ट. सेन्सर शर्टाच्या बाहीतून आत, काखेत. छोटा पंखा कॉलरपाशी, तोंडासमोर बांधलेला. शर्टात काय आहे ते लिहीत नाही. साधारण ईदेपासूनचं आहे.

मी विचार करत होते की पंखा तोंडासमोर का बांधला असेल —

तेवढ्यात ठक, ठक, ठक.

मला वाटलं, तो. ढिगातून. मी श्वास रोखून भिंतीला चिकटले. हललेसुद्धा नाही. किती वेळ कोण जाणे.

मग खाली लोखंड वाजलं. कुलूप.

मी उत्तर दिलं नाही. तीनदा ठोकायचं होतं फक्त —

नंतर

दार बडवलं. हात सोलले. ओरडले, नियम गेला खड्ड्यात. बाहेरचे कर्णे माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडतात. आतल्यांच्या वायरी तोडल्या, बाहेरचे चालूच. आजूबाजूला सगळी पाकोळीघरंच, माणूस नाही.

कोहला वाटेल, मी होडीत बसले. आचिलला वाटेल, बॅग न्यायला विसरले. सेकारला काहीच वाटणार नाही. तिला सांगितलंच नाही.

नंतर

आता कळलं. तोहार वेडा नव्हता. इथून बाहेर जाणारं एकच आहे, ही वायर. त्याने सेन्सर काखेत धरला आणि पंख्यावर श्वास सोडत राहिला. खाली पडद्यावर दिसावं की वर जिवंत माणूस आहे. सदतीस. सोळा. लाल होऊन पिंपिं. दिवसचे दिवस.

आकडे वेडे नव्हते. कोहने ते बघितले होते. आणि —

नंतर

सेन्सर मी घेतलाय. माफ कर म्हटलं त्याला. माझ्या काखेत आहे. पंखा तोंडासमोर. फुंकतेय. एका हाताने लिहितेय. संध्याकाळी आवाज तपासायला कोह खोलीत येईल, पडद्याकडे बघेल. सदतीस दिसेल. त्याला कळायला हवं, मी म्हटलं होतं ना त्याला, थर्मामीटर —

बंद कसं करायचं ते त्याला येतं.

नंतर

फुंकतेय. सेकार, मी आजच निघणार होते, तुला

मोबाइल संपत आला. दमले. जरा तोंड बाजूला केलं —

पंखा फिरतोय. मी फुंकत नाहीये. सावकाश, माझ्याच मानेमागून, उबदार —