लाल डिस्क, टोरीचे तेल आणि दिव्याचे घर

मी, हेमराज मनीराम रहांगडाले, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार दरेकसा, तालुका सालेकसा, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र राजीखुशीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझा एकुलता एक मुलगा प्रफुल गावभर सांगत फिरतो, "बुड्याच्या डोक्याले मार लागला, त्याले काही आठवत नाही." मार खुब्याला लागला आहे. डोके जागेवर आहे आणि ते तापलेले आहे.

सोमवारी नागपूरला खुब्याचे दुसरे ऑपरेशन आहे. वाचलो तर हा कागद मीच चारचौघांत वाचून दाखवीन. न वाचलो तर साक्षीदार बकाराम यांनी वाचावा.

पहिली गोष्ट गाडीची. माझ्या मालकीची पांढरी अॅम्बेसेडर मी माझी सून सौ. दिव्या हिला देतो. या गाडीतून गावातल्या निम्म्या पोरी सासरी गेल्या. दिव्याही माहेराहून, देवरीहून, हिच्यातच आली. आता तिला देवरीला परत धाडली ती मात्र एसटीने, एक पिशवी हातात देऊन, आणि मी तेव्हा दवाखान्यात पाय टांगून पडलो होतो. हे मी विसरणार नाही.

घडले ते असे. घाटाच्या उतारावर ड्रमचे ब्रेक तापतात आणि पाय खाली खाली जातो, म्हणून पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायचे हे मीच ठरवले होते. डिस्कशी माझे भांडण नाही. प्रफुलला बजावले होते, की किट निवडताना आधी आपल्या जुन्या रिममध्ये ते मावते का ते मोज, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर त्याच्याच जोडीचे घे, आणि पॅड गोंदियात मिळतात का ते विचार. शहाण्याने मोबाइलवर मागवले. मी विचारले, "हेच काऊन घेतलं?" तर म्हणतो, "बाबाजी, हे लाल हाय ना. बाकीचे काळे होते." सुनेची साडी घेतानासुद्धा माणूस पोत पाहतो!

ते जुन्या रिममध्ये मावेना. मग याने चाकांवरच्या टोप्यांसकट माझ्या रिमा काढून मोठ्या भोकांची चकचकीत चाके घातली, म्हणजे लाल रंग रस्त्यावरून दिसावा. आधीच मर्कट, तशातच मद्य प्याला.

दसऱ्याला आमच्या घरी नांगर, विळा, कुऱ्हाड, सगळ्या लोखंडाला मोहाच्या टोरीचे, म्हणजे बियांचे, तेल आणि शेंदूर लावतात. माझी बायको रुख्मा गेली, त्यानंतर हे दिव्याच करते, रुख्माने शिकवले तसेच. गाडीच्या चाकाच्या टोपीला तेलाचे बोट लावायचे, आत काही जात नसे. यंदा टोपी नाही, आत चकचकीत लोखंडाची चकती उघडी दिसते. पोरीने त्या लोखंडाला तेल लावले. मी ओसरीवर बसलो होतो. दिसत नव्हते, ऐकू येत होते. दिव्या म्हणाली, "बस झालं ना, किती लावू?" आणि प्रफुल म्हणाला, "आणखीन लाव ना व, फोटोत मस्त चमकून राहिली." मला वाटले बॉनेटचे चालले आहे.

तिसऱ्या दिवशी मी एकटा गाडी घेऊन निघालो. उतारावर ब्रेक दाबला तर पुढची चाके फिरतच राहिली. मागच्या दोन ड्रमांनी किती धरायचे? गाडी साजाच्या झाडाला भिडली. मिस्त्रीने चाक उघडले तेव्हा चकतीला दाबून धरणारे पॅड तेलाने भिजलेले होते.

झाले, खापर फुटले दिव्याच्या डोक्यावर. माझी बहीण अनुसयाबाई म्हणाली, पोरगी पांढऱ्या पायाची. आणि ज्याने "आणखीन लाव" म्हटले तो नवरा मान खाली घालून गप्प राहिला. बहिणीला सांगितले तर ती म्हणाली, "दादा, तू आराम कर." म्हणून कागदावर लिहितो. कागदाला कोणी आराम कर म्हणत नाही.

सबब अनुसयाबाईला माझ्या मिळकतीतून गाडीचा बाजूचा आरसा द्यावा, झाडाला लागून तडकलेला. त्यात आधी स्वतःचे तोंड पाहावे, मग दुसऱ्याच्या लेकीचे पाय पाहावेत. लाल किट प्रफुलला. त्याने ते बैठकीत टांगावे, लोकांना दिसेल असे. माझी पान्यांची पेटी दिव्याला. पुढे डिस्क बसवायची झाल्यास किट तिने निवडावे, जुन्या रिमा आणि टोप्या चढतील असेच, मग रंग कोणताही असो. सध्या मी ड्रम परत घालून घेतले आहेत.

राहते घर, माझ्या कष्टाचे, दिव्याच्या एकटीच्या नावे करतो. तिला या घरातून जा म्हणण्याचा अधिकार कोणाला राहणार नाही. नांदायचे की नाही हे ती ठरवील.

धानाचे शेत प्रफुलला, पण एका अटीवर. मी गेल्यावर त्याने स्वतः अॅम्बेसेडर घेऊन देवरीला जावे, सासऱ्याच्या अंगणात दहा माणसांपुढे म्हणावे, "तेल मीच लावाले लावलं," आणि तिला यावेसे वाटल्यास पुढच्या सीटवर बसवून आणावे. हे त्याच्या तोंडून न निघाल्यास शेतही दिव्याचे.

तो देवरीहून परतेपर्यंत माझे प्रेत उचलू नये. वाटेत उतार आहेत आणि ब्रेक जुने आहेत, त्याने गाडी सावकाश चालवावी. मला तेव्हा कसलीच घाई नसेल.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला, तो माझ्या म्हणण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही: हेमराज मनीराम रहांगडाले

साक्षीदार, आम्हा दोघांसमक्ष सही केली:
१. बकाराम पटले, दरेकसा
२. जागेश्वर उईके, दरेकसा

ठिकाण: दरेकसा
तारीख: १४ नोव्हेंबर २०२५